म्हशीच्या शिंगातून काठीची मूठ

इअरफोन जवळ नसेल, तर हा भाग वाचून घ्या.

सांगोल्याकडच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. आजोबांची पंढरपुरी म्हैस म्हातारपणानं गेली, तिचं एक शिंग काढून ठेवलंय. त्याची आजोबांच्या काठीला मूठ करता येईल का?

येईल की! आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या या म्हशीचं शिंग म्हणजे तलवारच. पार खांद्याच्या मागं जातं, काहींचं तर मीटरभर भरतं. पण आधी एक प्रश्न: म्हैस नक्की म्हातारपणानंच गेली ना? जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून रक्त आलं, तर त्याला हातही लावायचा नाही. काळपुळीचे जंतू शिंगा-कातड्यात वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसालाही होतात. अशा वेळी थेट पशुवैद्यकांना फोन.

आता शिंग म्हणजे काय, ते बघू. आत हाडाचा गाभा, त्यावर केराटिनचं टोपण. केराटिन म्हणजे आपल्या नखा-केसांचाच पदार्थ. आपल्याला हवं ते हे टोपण. शिंग दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवलं, की मधला थर कुजतो आणि गाभा सुटतो. वास असा येतो, की बादली घरापासून लांबच ठेवा. मग धुऊन सावलीत वाळवायचं. किती दिवस? दिवस नाही, महिने. जाड शिंगाला वर्षही द्यावं. सोलापूरच्या उन्हात टाकलंत, तर तडे जातील.

बुडाकडं शिंग पोकळ असतं, टोकाकडं भरीव. मूठ टोकाकडच्या भागातून कापायची.

खरी गंमत वाकवण्यात आहे. हाड तापवलं तरी वाकत नाही, शिंग वाकतं. अर्धा-पाऊण तास उकळत्या पाण्यात ठेवा, जाड असेल तर वरून हीट गननं हळूहळू शेक द्या. जळक्या केसांचा वास आला, की समजा जास्त झालं. मऊ पडल्यावर लाकडी साच्यात घालून शिकंजात थोडं थोडं आवळायचं. एका दमात वळवायला गेलात, तर पदर सुटतात. आणि पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे रात्रभर, सोडायचं नाही. गरम असतानाच काढलं तर ते पुन्हा जुन्या वळणावर जातं.

पुढं कानस, मग पॉलिश पेपर, शेवटी तेलाचा हात. घासताना मास्क लावाच, ती भुकटी छातीत जाते. मूठ आणि काठीत भोक पाडून आट्यांचा रॉड बसवा, एपॉक्सीनं चिकटवा. नुसत्या गोंदावर म्हाताऱ्या माणसाचा भार सोडू नका.

नान्नजच्या माळावरच्या काळविटाचं किंवा गव्याचं शिंग कुणी देऊ केलं, तर घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. हरणाचं आपोआप गळलेलं शिंग आहे म्हणून विकणाऱ्याच्याही नादी लागू नका.

आणि हो, काठी कापण्याआधी आजोबांना चप्पल घालून सरळ उभं करा. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथं येते, तिथं मुठीचा माथा यायला हवा. खालच्या शेंबीची उंचीही त्यातच धरा.