बिगुलाला आतून कल्हई नसते

२६ जानेवारी जवळ आली की शाळेच्या बँडपथकाची गडबड सुरू होते. १५ ऑगस्टनंतर कपाटात गेलेले बिगूल आणि ट्रंपेट बाहेर निघतात. कुणी घरून चिंच आणतो, कुणी रांगोळी आणतो आणि तासाभरात वाद्ये सोन्यासारखी झळकू लागतात. पण त्या नळीच्या आत काय आहे हे पाहण्याची तसदी कितीजण घेतात? वाद्याचे खरे दुखणे आतच असते.

पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. नेहमीच्या पिवळ्या पितळेत साधारणपणे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असते. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे तुमची आजी सांगेल. ताकातील आम्लाची धातूवर क्रिया होते व तांब्याचे क्षार ताकात उतरतात. म्हणून तर भांड्याला आतून कथलाचा पातळ थर, म्हणजे कल्हई लावतात. वाद्याचे याच्या उलट असते. बाहेरून लॅकरचा पारदर्शक लेप किंवा चांदीचा मुलामा, आणि आत मात्र पितळ अक्षरशः उघडे!

पण बिगुलात कुणी ताक ओतत नाही. मग आम्ल येते कोठून? ते तुमच्या श्वासातून येते. थंड पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्यावर तोंडाने हळूच श्वास सोडून पाहा. पेला लगेच धूसर होतो. उच्छ्वासाची हवा सुमारे ३५ अंश सेल्सियस तापमानाची असते आणि ती बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. या तापमानाला १००० लिटर हवेत सुमारे ४० ग्रॅम बाष्प मावते. २५ अंशांना केवळ २३ ग्रॅम. समजा, सरावात तुम्ही वाद्यातून ५०० लिटर हवा फुंकली आणि नळी २५ अंशांवरच राहिली, तर आठ-साडेआठ ग्रॅम पाणी, म्हणजे चहाचा दीड चमचा, नळीत साचेल. बिगूल उलटा केल्यावर गळणारे पाणी पाहून मुले 'थुंकी' म्हणून नाक मुरडतात. त्यात लाळ असते खरी, पण बराचसा भाग या बाष्पाच्या पाण्याचाच असतो.

उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायॉक्साइड असतो. तो या पाण्यात विरघळला की सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. सोडावॉटरमध्ये असते तेच हे आम्ल. तांब्यापेक्षा जस्त अधिक क्रियाशील, हे तुम्ही धातूंच्या क्रियाशीलता श्रेणीत शिकला आहात. त्यामुळे मिश्रधातूतील जस्त आधी निघून जाते व मागे उरते ते सच्छिद्र, ठिसूळ तांबे. पितळेच्या जुन्या कुलपावर चिंचेचा कोळ लावून रात्रभर ठेवा. सकाळी पिवळ्या पितळेवर गुलाबी झाक दिसेल. ट्रंपेटच्या नळीवर बाहेरून असेच गुलाबी ठिपके दिसू लागले, तर समजा की आतून सुरू झालेली कुज आता बाहेर पोचत आहे. वादक तिला 'रेड रॉट' म्हणतात. अशा नळीला पॉलिश करून काही उपयोग नाही, ती बदलावीच लागते.

दुसरी गोष्ट थराची. वडापाव खाऊन किंवा गोड चहा पिऊन तसेच वाजवायला बसलात, तर अन्नाचे कण आणि साखर नळीत जातात, लाळेतील क्षारांबरोबर भिंतीला चिकटतात. ट्रंपेटच्या नळीचा आतील व्यास सुमारे ११.७ मिलिमीटर असतो. सर्व बाजूंनी अर्धा मिलिमीटर थर बसला तर व्यास १०.७ होतो. वर्ग करून पाहा: हवेच्या वाटेचे क्षेत्रफळ सुमारे १६ टक्क्यांनी घटले! ट्रंपेटमध्ये बोटाने दाबायचे तीन दट्टे असतात. दट्ट्या आणि त्याचे घर यांमधील फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. तेथे असा मळ गेला की दट्ट्या अडकलाच; आणि तो नेमका पाहुण्यांसमोर अडकतो!

ओलावा आणि अन्न मिळाले की बुरशी व जीवाणू यायचेच. २०१० साली 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील एका ट्रोम्बोनवादकाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्याला १५ वर्षे खोकला होता. त्याच्या वाद्यात जीवाणू आणि बुरशी सापडली, आणि वाद्य नियमित स्वच्छ करू लागल्यावर त्याचा खोकला खूपच कमी झाला. असे आजार विरळाच, घाबरून जाऊ नका. पण आपल्या शाळांत एक बिगूल पाचजण वाजवतात, ही गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा भाग, प्रत्येकाचा वेगळा असावा. ते जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तो साबणाने धुवावा.

मग वाद्य किती वेळा साफ करावे? वाजवण्यापूर्वी चूळ भरणे आणि वाजवून झाल्यावर पाणी काढून टाकणे, हे रोजचे. माउथपीस आठवड्यातून एकदा ब्रशने आतून घासावा. रोज सराव असेल तर महिन्यातून एकदा पूर्ण वाद्याला आंघोळ घालावी. पाणी कोमटच हवे, कढत पाण्याने लॅकर सुटते. सौम्य साबण घ्यावा आणि लवचीक तारेचा लांब ब्रश नळीतून फिरवावा. ट्रंपेट असेल तर दट्टे व सरकत्या नळ्या आधी काढाव्यात. दट्ट्यांवर आकडे असतात. ज्याचा दट्ट्या त्याच घरात गेला पाहिजे, नाहीतर सूर निघणार नाही. वाळल्यावर दट्ट्यांना व्हॉल्व्ह ऑइल व नळ्यांना ग्रीस लावावे. बिगुलाला दट्टे नसतात, त्यामुळे त्याचे काम सोपे. अडकलेला माउथपीस पकडीने ओढू नका, नळी पिळवटते. तो काढण्याचे खास साधन दुरुस्ती करणाऱ्याकडे असते. वर्षातून एकदा वाद्य त्याला दाखवावेच.

पॉलिशबद्दल एक सावधगिरी. प्रत्येक वेळी घासताना धातूचा थोडा थर जातोच, पण काही पॉलिशांत अमोनियाही असतो. एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश लष्कराची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात. त्यांच्या पितळी नळकांड्यांना आपोआप तडे जाऊ लागले. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि थंड पितळ ओढून-ताणून घडवताना त्यात राहिलेला ताण, या तिघांचे ते कर्तृत्व होते. त्याची उकल १९२१ साली झाली. बिगुलाची नळीही वाकवून-ठोकूनच घडवलेली असते. तेव्हा १५ ऑगस्टचे संचलन संपल्यावर तो ओलाच पेटीत कोंबू नका. धुऊन, तोंड खाली करून सावलीत पूर्ण वाळू द्या आणि कोरड्या कपाटात ठेवा. स्वच्छतागृहाशेजारच्या अडगळीच्या खोलीत नको.