एकच पडदा, अनेक पेट्या : घरासाठी व्हिडिओ स्विच निवडताना

नवी दिल्ली : देशातील पहिले प्रायोगिक दूरचित्रवाणी प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाले, तेव्हा संचाला जोडण्याची वस्तू एकच होती, ती म्हणजे छपरावरील अँटेना. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी चित्र रंगीत झाले, तरी जोडणी तीच राहिली. त्यानंतर मात्र संचाभोवती एकेक पेटी जमत गेली. व्हीसीआर आला, केबल आली, डीव्हीडी प्लेअर आला. २००३ मध्ये डीटीएच सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क सेवा आली. आज ती ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाते. २०१० मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा दूरदर्शनने एचडी स्वरूपात दाखवल्या. ३१ ऑक्टोबर २०१२ ही चार महानगरांतील केबल डिजिटल करण्याची मुदत होती. त्यानंतर दिल्लीत केबलच्या ग्राहकालाही सेट टॉप बॉक्स घ्यावा लागला.

पेट्या वाढल्या, पण संचामागील जोडणीच्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. अनेक संचांना एचडीएमआयच्या दोन किंवा तीनच जागा असतात. त्यामुळे एक वायर काढून दुसरी लावण्याचा उद्योग घराघरांत चालतो. यावर उपाय म्हणून ‘व्हिडिओ स्विच’ नावाची छोटी पेटी मिळते. लाल किल्ल्यासमोरील लाजपत राय मार्केट असो किंवा नेहरू प्लेस, काही शे रुपयांपासून काही हजार रुपयांपर्यंतचे स्विच तेथे मांडलेले दिसतात. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. चुकीचा स्विच घेतला तर पडदा काळा राहतो, चित्राचा दर्जा घसरतो किंवा आवाज बंद होतो. सर्वांत मोठी गैरसोय होते ती घरातील ज्येष्ठांची. कालपर्यंत एका रिमोटवर लागणारी वाहिनी आज कोणाला तरी हाक मारल्याशिवाय लागत नाही.

स्विच म्हणजे काय?

स्विचमध्ये अनेक उपकरणांचे चित्र आत येते आणि त्यांपैकी निवडलेले एकच संचाकडे जाते. ‘स्प्लिटर’ याच्या उलट काम करतो. तो एकाच उपकरणाचे चित्र दोन किंवा अधिक पडद्यांना पुरवतो. दोन्ही पेट्या दिसायला सारख्या असल्याने दुकानात गल्लत होते. ‘तीन आत, एक बाहेर’ अशी रचना असेल तर तो स्विच. ‘एक आत, दोन बाहेर’ अशी असेल तर तो स्प्लिटर. अनेक उपकरणे अनेक पडद्यांना हवी तशी जोडता येणाऱ्या पेटीस ‘मॅट्रिक्स’ म्हणतात. ती महाग असते आणि एक संच असलेल्या घराला तिची गरज नसते.

जोडणीचा प्रकारही पाहावा लागतो. पिवळ्या, लाल व पांढऱ्या टोकांच्या जुन्या वायरमधून अॅनालॉग चित्र व आवाज जातो. त्यासाठीचा स्विच साधा, बटण दाबण्याचा असतो आणि तो क्वचितच बिघडतो. एचडीएमआय ही डिजिटल जोडणी असून तिचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये आले. तिच्या १९ पिनांमधून चित्र व आवाज तर जातोच, शिवाय दोन्ही टोकांची उपकरणे एकमेकांशी ‘बोलतात’ही. एचडीएमआय स्विचच्या बहुतेक अडचणी या संभाषणात खंड पडल्यामुळे निर्माण होतात.

काळ्या पडद्याचे कारण

उपकरण सुरू होताच ते प्रथम संचाला विचारते, की तुला किती स्पष्टतेचे चित्र व कोणत्या प्रकारचा आवाज चालेल? संचाने दिलेली माहिती उपकरणापर्यंत नीट पोहोचवणे हे स्विचचे काम असते. ती अर्धवट पोहोचली तर उपकरण कमी दर्जाचे चित्र पाठवते किंवा काहीच पाठवत नाही.

दुसरी तपासणी ‘एचडीसीपी’ या नक्कल-प्रतिबंधक कुलपाची असते. चित्रपट व मालिकांचे चित्र कुलूपबंद स्वरूपात येते. मार्गातील प्रत्येक दुव्याकडे योग्य किल्ली असेल तरच ते उघडते. ‘४के’ स्पष्टतेच्या चित्रपटांसाठी साधारणपणे एचडीसीपीची २.२ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. संच नवा आहे, पेटी नवी आहे, पण मधला स्विच जुन्या आवृत्तीचा आहे, अशा स्थितीत चित्र साध्या एचडीवर उतरते किंवा पडद्यावर केवळ सूचना झळकते. ग्राहक संचाला दोष देतो आणि दोष मात्र मधल्या स्वस्त पेटीत असतो.

तिसरा मुद्दा वहनक्षमतेचा आहे. २००९ च्या एचडीएमआय १.४ आवृत्तीची कमाल क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट होती. तीत ४के चित्र सेकंदाला ३० चौकटींपर्यंत जाते. २०१३ च्या २.० आवृत्तीने ही क्षमता १८ गिगाबिटवर नेली आणि ४के चित्र सेकंदाला ६० चौकटींनी दाखवणे शक्य झाले. २०१७ च्या २.१ आवृत्तीत ती ४८ गिगाबिट झाली. खोक्यावर नुसते ‘४के’ छापलेले असेल तर त्यावरून फारसे कळत नाही. सेकंदाला किती चौकटी, किती गिगाबिट आणि एचडीसीपीची कोणती आवृत्ती, या तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. त्या लिहिलेल्या नसतील तर तो स्विच न घेणेच बरे.

आवाजाची परतीची वाट

साउंडबार किंवा होम थिएटरचा अॅम्प्लिफायर असेल तर आणखी एक पेच असतो. संचाच्या एका एचडीएमआय जागेवर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ असे लिहिलेले असते. या जागेतून संचातील आवाज उलट दिशेने साउंडबारकडे जातो. बहुतेक साधे स्विच ही परतीची वाट पुढे नेत नाहीत. म्हणून साउंडबार नेहमी थेट संचाच्या त्या जागेत जोडावा आणि स्विच दुसऱ्या जागेत लावावा.

ज्यांच्याकडे अॅम्प्लिफायरसह पूर्ण होम थिएटर आहे, त्यांनी प्रथम त्याची मागची बाजू पाहावी. अशा अॅम्प्लिफायरमध्ये एचडीएमआयच्या अनेक जागा असतात आणि तो स्वतःच स्विचचे काम करतो. त्याच्या जागा पुरत असतील तर वेगळ्या स्विचवर खर्च करण्याचे कारण नाही. अॅम्प्लिफायर जुना असेल, तर ४केची उपकरणे थेट संचाला जोडून त्यांचा आवाज एआरसीने परत आणता येतो. मात्र त्यासाठी अॅम्प्लिफायरमध्येही एआरसीची सोय हवी.

एका घराचे गणित

उदाहरणादाखल नोएडातील एका मराठी कुटुंबाची बैठकीची खोली डोळ्यांसमोर आणता येईल. संचाला एचडीएमआयच्या तीन जागा आहेत. आजींना सह्याद्री वाहिनीवरील बातम्यांसाठी फ्री डिशची पेटी हवी आहे. नातवाकडे खेळांचा कन्सोल आहे. वडिलांनी जपून ठेवलेला ब्लू-रे प्लेअर आहे. इंटरनेटवरील चित्रपटांसाठी एक स्ट्रीमिंग स्टिक आहे आणि भिंतीवर साउंडबार आहे. एआरसीची जागा साउंडबारने घेतली, की उरल्या दोन जागा आणि उपकरणे चार.

दुकानदार येथे पाच जागांचा स्विच सुचवील. पण सर्व उपकरणे एकाच स्विचवर टाकली, तर आजींनाही संचाचा रिमोट, पेटीचा रिमोट आणि स्विचचे बटण असे तिहेरी काम शिकावे लागेल. त्याऐवजी आधी वजाबाकी करावी. संच स्मार्ट असेल आणि त्यातील अॅप नीट चालत असतील, तर स्ट्रीमिंग स्टिकची गरज उरत नाही. फ्री डिशच्या अनेक पेट्यांना पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरची सोय असते. या सेवेतील बऱ्याच वाहिन्या साध्या स्पष्टतेच्याच असल्याने ती पेटी संचाच्या ‘एव्ही’ जागेत जोडली तरी चित्रात फारसा फरक पडत नाही. मग आजींची पेटी स्विचच्या फेऱ्यातून पूर्णपणे मोकळी होते. उरलेल्या दोन जागांत कन्सोल आणि ब्लू-रे प्लेअर थेट बसतात. या घराला स्विच लागतच नाही.

संचाला एव्हीची जागा नसेल, तर एक एचडीएमआय जागा आजींच्या पेटीसाठी राखून ठेवावी आणि कन्सोल व प्लेअर स्विचवर घ्यावेत. जे उपकरण सर्वांत जास्त वेळ, सर्वांत कमी तांत्रिक माहिती असलेली व्यक्ती वापरते, ते थेट संचाला जोडावे, हा साधा नियम येथे उपयोगी पडतो. त्यानंतर उरलेल्या उपकरणांत ज्याची मागणी सर्वांत मोठी असेल, त्याच्या क्षमतेनुसार स्विच निवडावा. सेकंदाला १२० चौकटींचे ४के खेळ हवे असतील, तर १८ गिगाबिटचा स्विच अपुरा पडतो. केवळ एचडी प्लेअर व जुना सेट टॉप बॉक्स जोडायचा असेल, तर साधा स्विचही पुरेसा ठरतो.

आपोआप की बटणाने?

काही स्विच नुकत्याच सुरू झालेल्या उपकरणाकडे आपोआप वळतात. ही सोय आकर्षक वाटते, पण अनेक सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही पूर्णपणे बंद होत नाहीत. स्विचला ते सुरूच आहेत असे वाटते आणि चित्र भलत्याच ठिकाणी अडकते किंवा मध्येच बदलते. म्हणून आपोआप बदल बंद करण्याची सोय, बटण आणि रिमोट ही तिन्ही असलेला स्विच घ्यावा. कोणते उपकरण निवडले आहे ते दाखवणारे दिवे दुरून दिसावेत. प्रत्येक क्रमांकासमोर ठळक मराठी अक्षरांत चिठ्ठी चिकटवली, तर घरातील कोणालाही दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

काही छोटे स्विच एचडीएमआय वायरमधून मिळणाऱ्या थोड्या विजेवरच चालतात. वायर लांब असेल किंवा चित्र ४के असेल तर ही वीज कमी पडू शकते. अशा वेळी स्वतंत्र अॅडॅप्टर असलेला स्विच अधिक भरवशाचा असतो. अॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. दृक्-श्राव्य उपकरणांच्या अॅडॅप्टरसाठी ही नोंदणी सक्तीची आहे.

वायरकडेही दुर्लक्ष नको. स्विच बसवल्याने चित्राच्या मार्गात एक वायर वाढते. तांब्याच्या साध्या वायरमधून १८ गिगाबिटचे चित्र काही मीटरच खात्रीने जाते, त्यामुळे वायर गरजेपुरतीच लांब असावी. प्रोजेक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर प्रकाशतंतूची एचडीएमआय वायर घ्यावी.

दिल्लीच्या हवामानाचाही विचार हवा. उन्हाळ्यात बंद कपाटात कोंबलेल्या पेट्या तापतात, म्हणून स्विचभोवती हवा खेळती असावी. मे-जूनमधील धुळीच्या वादळात विजा चमकू लागल्या, तर डिशची वायर व प्लग काढून ठेवणे हितावह असते. डिशच्या वायरमधून आलेला विजेचा झटका एचडीएमआय जोडणीतून संचापर्यंत पोहोचू शकतो.

खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर

दुकानात जाण्यापूर्वी संचाच्या व सर्व उपकरणांच्या मागील बाजूचे छायाचित्र मोबाईलवर काढून न्यावे. शक्य असल्यास स्विच दुकानातच ४के उपकरणाला जोडून पाहावा. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर स्विचचे मॉडेल लिहून घ्यावे. खोक्यावरील दावा खोटा ठरला व विक्रेत्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

नवा संच घेण्याचा विचार असेल, तर पेटीच कमी करण्याचा मार्गही आहे. भारतीय मानक ब्यूरोने उपग्रह ट्यूनर अंतर्भूत असलेल्या संचांसाठी ‘आयएस १८११२ : २०२२’ हे मानक प्रसिद्ध केले आहे. अशा संचाला डिश जोडली, की फ्री डिशसारख्या विनाशुल्क वाहिन्या वेगळ्या पेटीशिवाय दिसतात. एक पेटी, एक रिमोट आणि एक वायर कमी होते.

जागा मोजून स्विच घेण्याआधी माणसे मोजावीत. कोण काय पाहते आणि कोणाला कोणते बटण दाबता येते, याची यादी कागदावर केली तर कोणता स्विच हवा हे बहुतेक वेळा तिथेच ठरते. काही घरांत तर स्विचची गरजच नाही, हेही त्याच कागदावर दिसून येते.