शर्यतीच्या मोटारींत मानेचें रक्षण

नंदुरबार जिल्ह्यांत तापीकांठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथील घोडेस्वार पडला तर घोड्यापासून सुटून पडतो. मोटारींच्या शर्यतींत मात्र चालकास पट्ट्यांनीं आसनाशीं जखडलेलें असतें, आणि एक निराळेंच संकट त्या बंधनांतून उद्भवतें.

ताशीं १०० किलोमीटर वेगाची मोटार भिंतीवर आदळून एका मीटरच्या अंतरांत थांबली, असें समजा. सारा प्रकार सेकंदाच्या चौदाव्या हिश्शांत आटोपतो. धड पट्ट्यांनीं धरलेलें असतें, डोकें मोकळें! शिरस्त्राणासह त्याचें वजन सहा किलोग्रॅम धरलें, तर त्या क्षणीं मानेवर सुमारें २३६ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ बसते, आणि कवटीचा तळ मोडूं शकतो. उंची शिरस्त्राणहि येथें निरुपयोगी. त्याचें वजन त्या ओढींत भरच घालतें.

१९८१ सालीं अमेरिकेंत मिड-ओहायो येथें पॅट्रिक जॅकमार हा चालक अशाच आघातानें दगावला. त्याचा मित्र जिम डाउनिंग यानें हा प्रश्न आपले मेहुणे, मिशिगन राज्य विद्यापीठांतील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड, यांच्यापुढें मांडला. त्यांतून ‘हॅन्स’ हें साधन जन्मलें. खांद्यांवर बसणारें हें जूं पट्ट्यांखालीं दाबलेलें असतें, व दोन आंखूड बंदांनीं शिरस्त्राण त्यास बांधतात. त्यामुळें डोकें धडासवेंच थांबतें. इतकी सरळ युक्ति, पण चालकांनीं वर्षानुवर्षें ती अंगाला लावून घेतली नाहीं! १८ फेब्रुवारी २००१ रोजीं डेटोना येथें डेल अर्नहार्ट गेला, तेव्हां कोठें डोळे उघडले. फॉर्म्युला वन शर्यतींत तें २००३ पासून सक्तीचें झालें.

हौशी चालकाची अडचण पैशाची. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या मार्गावर स्वतःच्या खिशांतून खर्च करून उतरणाऱ्यास इंजिन आणि टायर आधीं दिसतात, मान मागाहून. माझ्या मतें हा क्रम उलटा हवा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें पट्टे पांच वर्षांनीं बाद होतात. शिरस्त्राणाचें आंतील अस्तर एकदांच चेपण्यासाठीं असतें. म्हणून जुन्या बाजारांतलें शिरस्त्राण मी फुकटहि घेणार नाहीं. घरच्या मोटारीच्या एकखांदी पट्ट्यावर हें जूं टिकत नाहीं. दोन्ही खांद्यांवर पट्टे लागतात, व तेहि घट्ट. आसनांत बसल्यावर ते चालकास स्वतःला पुरेसे ओढतां येत नाहींत. तें काम बाहेर उभ्या असलेल्या सोबत्यानें करावयाचें असतें.