करी रोडची वायर

करी रोड स्टेशनच्या आसपास राहणारा मराठी माणूस संध्याकाळी टीव्हीवर काय बघणार, हे ज्या कचेऱ्यांत ठरतं, त्या त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ना. म. जोशी मार्गावर मॅरेथॉन फ्युचरेक्समध्ये झीचं मुख्य कार्यालय. गणपतराव कदम मार्गावर उर्मी इस्टेटमध्ये वर्षानुवर्षं स्टार इंडियाचं बस्तान. कमला मिलच्या आवारात वृत्तवाहिन्यांचे स्टुडिओ. २०१७च्या डिसेंबरअखेर तिथे आग लागली तेव्हा काही वाहिन्यांचं प्रक्षेपण थांबलं होतं. आणि पलीकडे वरळीला दूरदर्शनचा मनोरा. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारा हा गिरणगाव गेल्या पंचवीस-तीस वर्षांत टीव्हीच्या धंद्याचं एक मुख्य ठिकाण झाला. याच भागातल्या चाळींमधून आता केबलची वायर उतरायला लागली आहे आणि तिच्या जागी फायबर येतं आहे.

ही अदलाबदल देशभर चालू आहे. केबल कंपन्यांच्या महासंघाने २०२५मध्ये ईवाय या सल्लागार संस्थेबरोबर काढलेल्या अहवालानुसार पैसे भरून टीव्ही बघणारी घरं २०१८मध्ये १५ कोटी १० लाख होती, ती २०२४मध्ये ११ कोटी १० लाखांवर आली. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नोंदींत डीटीएचचे ग्राहक २०२०च्या अखेरीस सात कोटींच्या घरात होते, ते २०२५मध्ये सहा कोटींच्या खाली गेले. चार कोटी घरांनी वायर काढली किंवा डिश उतरवली, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. फोनवर आणि स्मार्ट टीव्हीवर सगळं मिळत असताना दोन-दोन बिलं कोण भरणार? मला काळजी वेगळीच आहे. केबलच्या जगात मराठी प्रेक्षक मराठी म्हणून मोजला जात होता. स्ट्रीमिंगच्या जगात तो तसा मोजला जातो का, आणि जात नसेल तर त्याच्यासाठी कोण काय बनवणार?

हे समजायला थोडं मागे जावं लागतं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. एका मजल्यावर एखादा संच, दारात चपलांचा ढीग, शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, मधल्या वारी 'छायागीत'. हे इतक्यांनी इतक्या प्रेमाने लिहून ठेवलं आहे की मी त्यात भर घालत नाही. केबलचा काळ मात्र अजून कुणी नीट लिहिलेला नाही, आणि गिरणगावचा खरा टीव्ही तिथे सुरू होतो.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांच्या गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला. पुढच्या काही वर्षांत मुंबईच्या इमारतींमध्ये एका खोलीत व्हीसीआर लावायचा आणि तिथून घराघरात वायर ओढायची, असा धंदा उभा राहिला. बापाची गिरणी गेली, हातात नोकरी नाही, पण चाळीतलं प्रत्येक घर ओळखीचं आहे, अशा पोरांना हे काम जमण्यासारखं होतं. १९९१च्या आखाती युद्धात उपग्रहावरून थेट बातम्या दिसल्या, पाठोपाठ स्टार आलं, २ ऑक्टोबर १९९२ला झी सुरू झालं. गच्चीवर मोठी डिश चढली, तिच्याखालच्या खोलीला 'कंट्रोल रूम' असं भारदस्त नाव मिळालं, आणि वायर ओढणारा पोरगा 'केबलवाला' झाला. सरकारने त्यासाठी कायदा केला तो १९९५मध्ये. तोवर लालबाग-परळमध्ये घराघरात वायर पोचली होती.

जाड काळी वायर, गॅलरीच्या कठड्याला तारेने आवळलेली. मजल्याच्या टोकाला ॲम्प्लिफायरचा पत्र्याचा डबा, त्यातून फुटलेल्या फांद्या, प्रत्येक दाराच्या चौकटीवर एक भोक. पावसात डब्यात पाणी शिरलं की चित्रात मुंग्या यायच्या आणि सगळा मजला एकाच वेळी गॅलरीत येऊन ओरडायचा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वसुलीचा पोरगा दारात. हातात कार्डांचा गठ्ठा, कार्डावर बारा महिन्यांचे बारा चौकोन, पैसे मिळाले की सही. "बाळा, यांचा पगार दहाला होतो, मग ये," असं सांगितलं की तो पुढच्या दाराकडे जायचा आणि दहाला परत यायचा. कनेक्शन कापायचं नाही, कारण कापायचं कुणाचं? त्याची आई त्याच मजल्यावर पाण्याला उभी असायची.

वायर एकाची, माणूस ओळखीचा आणि पैसे उधारीवर. या तिन्ही गोष्टींमुळे केबल हा चाळीच्या व्यवहाराचाच भाग झाला. ॲनालॉगमध्ये वाहिन्यांना जागा मोजकी असायची आणि कोणती वाहिनी कितव्या नंबरवर हे ऑपरेटर ठरवायचा. लालबागच्या ऑपरेटरला आपली गिऱ्हाइकं ठाऊक होती. १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी आली, २०००च्या जुलैत ई टीव्ही मराठी. दोन्हींना इथे मागे ढकलणं शक्यच नव्हतं. 'आभाळमाया', 'श्रीयुत गंगाधर टिपरे', 'चार दिवस सासूचे', २००४पासून 'होम मिनिस्टर'. 'सारेगमप लिटल चॅम्प्स'च्या दिवसांत भांडी घासण्याच्या वेळा बदलल्या होत्या. जोडीला ऑपरेटरची स्वतःची वाहिनी: वाढदिवसाच्या शुभेच्छा, श्रद्धांजलीच्या पाट्या, क्लासच्या जाहिराती, आणि गणपतीत आगमनापासून विसर्जनापर्यंत थेट चित्र. भारतमाता चित्रपटगृहासमोरच्या गर्दीत शिरणं न झेपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मिरवणूक दिसायची ती त्या वाहिनीवर.

नियमांचा इतिहास लांबलचक आहे, मी मोजकाच सांगतो. ऑपरेटर खरे ग्राहक दाखवत नाहीत ही वाहिन्यांची जुनी तक्रार, आणि ती खोटी नव्हती. शंभर घरांत वायर आणि कागदावर वीस-पंचवीस, असा हिशेब चालायचा. त्यावर उपाय म्हणून २००७च्या सुरुवातीला दक्षिण मुंबईत सेट टॉप बॉक्सची पहिली सक्ती झाली. ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईसह महानगरांत ॲनालॉग बंद करण्याची मुदत ठरली. मधल्या काळात डिश टीव्ही, टाटा स्काय वगैरे छत्र्या खिडक्यांबाहेर लटकल्या. या सगळ्यातून केबल तरली. ती हलली २०१९मध्ये.

त्या फेब्रुवारीपासून ट्रायची नवी दरपद्धती अमलात आली. पहिल्या शंभर वाहिन्यांच्या वहनाचे १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. त्यावर प्रत्येक पैशाची वाहिनी वेगळी, गुच्छात घालायची तर तिची किंमत जास्तीत जास्त १९ रुपये. बघाल तेवढ्याचेच पैसे भरा, हा विचार ग्राहकाच्या भल्याचा होता हे मान्य करायलाच हवं. पण घरात सासूला मराठी मालिका, मुलाला क्रिकेट, नातवाला कार्टून आणि सुनेला हिंदी हवं असेल, तर ती बेरीज आधीच्या ठोक बिलापेक्षा वर जायची. बिल वाढण्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे उधारी संपली. मुदत संपली की बॉक्स आपोआप बंद. "काकू, माझ्या हातात काही नाही हो, सिस्टिमने बंद केलं," असं तोच पोरगा, आता पन्नाशीचा झालेला, दारात उभा राहून सांगू लागला. ज्या माणसाच्या शब्दावर टीव्ही चालत होता त्याच्या हातून किल्ली गेली, आणि मग त्याच्याशी बांधलेलं राहण्याचं कारणही गेलं. केबल इंटरनेटने मारली असं म्हणतात. माझ्या मते इंटरनेट आलं तेव्हा तिचं निम्मं बळ आधीच निघून गेलं होतं.

इंटरनेट आलं ते मात्र झपाट्याने. हॉटस्टार २०१५, नेटफ्लिक्स २०१६चा जानेवारी, प्राइम व्हिडिओ त्याच वर्षाचा डिसेंबर, झी फाइव्ह २०१८. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, २०१९मध्ये जिओफायबर आलं, आणि २०२०मध्ये ३९९ रुपयांत महिनाभर अमर्याद इंटरनेट, म्हणजे करासह ४७० रुपयांच्या वर. तेच ते टाळेबंदीचं वर्ष. मार्चमध्ये मालिकांची चित्रीकरणं थांबली, वाहिन्यांवर जुने भाग फिरू लागले, दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावलं. मुलांची शाळा आणि थोरल्यांचं ऑफिस दोन्ही दहा बाय बाराच्या खोलीत आल्यावर इंटरनेट घेणं भागच होतं. ते आल्यावर केबलच्या बिलाकडे लोकांनी पहिल्यांदा संशयाने बघितलं.

नव्या व्यवस्थेने जे दिलं तेही सांगायला हवं, आणि ते थोडं नाही. करी रोडच्या चाळीत राहणाऱ्याचं अर्धं मन कोकणात असतं. शिमग्याला रजा मिळाली नाही तर गावची पालखी आता युट्यूबवर थेट दिसते. गावातलाच कुणीतरी फोन धरून उभा असतो, खाली मुंबईकरांच्या नमस्कारांची रांग लागते. हे कुठल्याही वाहिनीने कधी दाखवलं नसतं. युट्यूबवरच्या 'भाडिपा'सारख्या मंडळींनी २०१६पासून शहरी मराठी तरुणाची बोली पडद्यावर आणली, जी संध्याकाळच्या मालिकांत सापडत नव्हती. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक घेऊन आला आणि २०२१मध्ये नेटफ्लिक्सवरून थेट घरात पोचला. एमएक्स प्लेअरवर 'आणि काय हवं', 'समांतर' झाल्या, प्लॅनेट मराठीवर 'रानबाजार'. आणि सगळ्यात मोठी मोकळीक बायकांना मिळाली. रात्री आठची मालिका बघायची तर साडेसातला पोळ्या उरकायच्या, ही घाई गेली. दुपारी काम आटपल्यावर पाय पसरून कालचा भाग बघता येतो. पूर्वी नवऱ्याच्या हातातल्या रिमोटपुढे त्यांचं काही चालत नसे.

क्रिकेट बघणाऱ्यांना मात्र एक नवाच त्रास झाला आहे. स्ट्रीमिंगचं चित्र केबलच्या बरंच मागे चालतं, कधी अर्धं मिनिट. २०२३चं आयपीएल जिओसिनेमावर फुकट होतं, तेव्हा चाळीत अर्ध्या खोल्या फोनवर आणि अर्ध्या केबलवर अशी विभागणी झाली. फोनवर गोलंदाज अजून धावतोय आणि शेजारी विकेटचा जल्लोष झालेला. एकच मॅच एकाच मजल्यावर दोन वेळा व्हायची. चाळीला एकत्र ओरडायची सवय आहे, तिला हे फार लागलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टीव्हीवर कोण किती बघतं हे बार्क ही संस्था २०१५पासून मोजते आणि त्यात महाराष्ट्र-गोवा हा स्वतंत्र बाजार धरला जातो. त्या मोजणीत दोष आहेत, टीआरपीच्या मागे लागून मालिकांचं काय झालं तेही आपण बघितलं. तरी त्या आकड्याचा एक उपयोग होता: मराठी घराने मराठी वाहिनी लावली की ती नोंद मराठीच्या खात्यावर पडायची. त्या खात्यावर जाहिरातदार यायचा, त्याच्या पैशावर ठाण्यात, मढला, साताऱ्या-कोल्हापुरात सेट उभे राहायचे, नाटकातल्या नटाला महिन्याचं उत्पन्न मिळायचं. मराठी रंगभूमीच्या कितीतरी कलावंतांचं घर गेली पंचवीस वर्षं या पैशावर चाललं आहे, हे आपण विसरतो.

स्ट्रीमिंगमध्ये तो आकडा कंपनीच्या पोटात राहतो. नेटफ्लिक्स २०२३च्या डिसेंबरपासून दर सहा महिन्यांनी कोणता कार्यक्रम किती तास बघितला गेला याची यादी काढतं, हे चांगलंच आहे. पण ती जगाची एकत्र यादी. परळचा माणूस हिंदी मालिका बघतो तेव्हा तो हिंदीचा प्रेक्षक होतो, डब केलेली कोरियन मालिका बघतो तेव्हा कोरियनचा. मराठीत फारसं काही नसतं म्हणून तो मराठी बघत नाही, आणि तो बघत नाही म्हणून मराठीत फारसं काही बनत नाही. तमिळ, तेलुगू, मल्याळमच्या मागे मोठे सिनेउद्योग आहेत, त्यांना या चक्रात अडकावं लागत नाही. मराठीचा मोठा आधार वाहिन्या होत्या आणि वाहिन्यांचा आधार केबल. २०२४च्या नोव्हेंबरात रिलायन्स आणि डिस्नेचे व्यवसाय एक झाले, २०२५च्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टार उभं राहिलं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या एकमेकींशी झुंजणाऱ्या वाहिन्या एका छत्राखाली आल्या. निर्मात्याने गोष्ट घेऊन ठोठवायची दारं त्यामुळे आणखी कमी झाली.

इथला केबलवाला अजून आहे, पण बदलला आहे. ज्याने वेळीच फायबर जोडायचं यंत्र घेतलं, तो आज इंटरनेट विकतो. त्याच्या निम्म्या गिऱ्हाइकांकडे सेट टॉप बॉक्स उरलेला नाही. दातांनी वायर सोलणारा माणूस आता केसासारखी काच दोन टोकांनी जुळवतो, यंत्राच्या छोट्या पडद्यावर ती एक होताना बघतो आणि मगच झाकण लावतो. ज्याला हे जमलं नाही त्याने वायर दुसऱ्याला विकली. बीडीडी चाळींचा पुनर्विकास केबलवाल्यापुढचं नवं संकट आहे. वरळीतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ला नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचीही पाळी आहे. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जाणं हा पिढ्यांनंतर मिळालेला न्याय आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण टॉवरमध्ये वायर भिंतीतून जाते. कठड्याला तार बांधणाऱ्या पोराला तिथे आत शिरायला परवानगी लागते, आणि ती बहुधा मोठ्या कंपनीने आधीच घेतलेली असते.

मला यात दोन गोष्टी व्हायला हव्या आहेत. एक, महाराष्ट्रातून वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक स्ट्रीमिंग कंपनीने राज्यात मराठी किती बघितलं जातं आणि मराठीवर किती खर्च होतो, हे वर्षातून एकदा जाहीर करावं. मराठी चित्रपटांना पडदा मिळावा म्हणून आपण रस्त्यावर उतरलो आहोत. या मागणीसाठी निर्मात्यांच्या संघटनांनी आणि नाट्य परिषदेने एकत्र यायला काय हरकत आहे? आणि दुसरी गोष्ट वरळीची. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीने २० नोव्हेंबर २०२४ला गोव्यात 'वेव्हज' हे स्वतःचं व्यासपीठ सुरू केलं. मुंबई दूरदर्शनचं मराठी भांडार तिथे पूर्ण, तारीखवार आणि नट-लेखक-दिग्दर्शकांच्या नावांसह यायला हवं: 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप', 'चिमणराव गुंड्याभाऊ'चे जेवढे भाग शिल्लक असतील तेवढे. सुटे तुकडे युट्यूबवर टाकून हे काम होणार नाही. त्या फिती जनतेच्या पैशाने भरल्या गेल्या, आणि त्यातल्या कित्येक करी रोडपासून दोन-अडीच किलोमीटरवर, वरळीच्या स्टुडिओत चित्रित झाल्या आहेत.