अपमार्जकांना पर्यावरणपूरक पर्याय : रिठ्याची उपयुक्तता व मर्यादा

फॉस्फेटयुक्त अपमार्जकांचे सांडपाणी जलाशयात मिसळल्यास शैवालांची बेसुमार वाढ होऊन पाण्यातील प्राणवायू घटतो. यास पर्याय म्हणून रिठ्याचा विचार केला जातो. रिठ्याच्या सालीतील सॅपोनिन पाण्याचा पृष्ठताण कमी करते; दुष्फेन पाण्यात साबणाप्रमाणे त्याचा साका होत नाही. रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी ते उपयुक्त होय. तथापि सुती कपड्यांवरील तेलकट डाग केवळ रिठ्याने पूर्णपणे निघत नाहीत. तेथे गरम पाणी व धुण्याचा सोडा यांची जोड द्यावी लागते. हाच सोडा मात्र रेशीम व लोकर यांना अपायकारक ठरतो. शिवाय सॅपोनिन माशांना विषारी असल्याने रिठ्याचे पाणीही थेट ओढ्यात सोडणे इष्ट नाही. सारांश, नैसर्गिक ते सर्व निरुपद्रवी असे म्हणता येत नाही.