आंबुशीचे पांघरूण

शाळेच्या बागेत तण काढण्याचा दिवस आला, की गुलाब-जास्वंदीच्या बुडाशी असलेली जमीन खुरप्याने अगदी लख्ख केली जाते. उपटलेल्या ढिगात एक नाजूक, सरपटणारी वनस्पती हमखास सापडते. देठाच्या टोकाला हृदयाच्या आकाराच्या तीन पर्णिका, पाच पाकळ्यांची इवलीशी पिवळी फुले आणि चवीला आंबट. ही आंबुशी. संस्कृतात तिला चांगेरी म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा. तिला उपटून आपण काय गमावतो, याचा हिशेब पदार्थविज्ञानाच्या मदतीने मांडू या.

वळवाच्या सरीतील एक मोठा थेंब घ्या. त्याचा व्यास सुमारे ५ मिलिमीटर, वस्तुमान सुमारे ०.०६५ ग्रॅम. हवेच्या रोधामुळे त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटरवर स्थिरावतो. म्हणजे जमिनीवर आदळताना त्याची गतिज ऊर्जा सुमारे ०.००२६ ज्यूल असते. ही ऊर्जा क्षुल्लक वाटते ना? पण १ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण १० सेंटिमीटर उचलण्यास तिच्या हजाराव्या भागाहूनही कमी ऊर्जा पुरते! उघड्या जमिनीवर पडलेला प्रत्येक थेंब मातीचे कण उडवतो, आणि मग वाहते पाणी ते घेऊन जाते. पाऊस पडल्यावर भिंतीच्या पायाशी दिसणारे मातीचे शिंतोडे हे त्याचेच चिन्ह.

आता जमिनीवर आंबुशी पसरली आहे असे समजा. थेंब पानांवर आदळून फुटतो. पानांवरून ओघळलेले पाणी फार तर ५ सेंटिमीटर खाली पडते. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर असतो. वेग नववा हिस्सा झाला, की तेवढ्याच वस्तुमानाची ऊर्जा एक्याऐंशीवा हिस्सा होते. उंच झाडाच्या पानांवरून टपकणाऱ्या थेंबांना मात्र वेग घेण्यास पुन्हा वाव मिळतो. म्हणून माती राखण्याच्या कामी बुटके पांघरूणच अधिक उपयोगी.

लागवड सोपी आहे. आंबुशीचे खोड जमिनीला टेकते, तेथे पेरांना मुळे फुटतात. पावसाळ्याच्या आरंभी अशी मुळे असलेले तुकडे १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर लावा. ओलावा टिकवला तर ती वर्षानुवर्षे राहते. एक सावधगिरी मात्र हवी. तिच्या पिकलेल्या शेंगेला बोट लावून पाहा. बियांवरील ताणलेले आवरण उलटते आणि बिया दूर उडतात! त्यामुळे ती शेजारच्या वाफ्यांत व कुंड्यांत शिरते. कडेला विटा लावा आणि बाहेर आलेली रोपे वेळीच काढा.

स्वच्छ जागेतील, औषध न फवारलेली कोवळी पाने धुऊन चटणीत किंवा आमटीत घालता येतात. फुलेही खाण्याजोगी असतात. आंबटपणा मुख्यतः ऑक्झॅलिक आम्लाचा असतो. म्हणून पाने थोडीच खावीत, आणि मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावीत. काळवंडलेल्या तांब्याच्या भांड्यावर पाने चोळा; याच आम्लाचा गुण डोळ्यांना दिसेल.

शेवटी एक प्रयोग. दोन सारख्या पसरट कुंड्यांत सारखीच माती भरा. एकीत महिनाभर आधी आंबुशी लावा, दुसरी उघडी ठेवा. दोन्हींमागे पांढरा कागद उभा करून सारख्याच उंचीवरून झारीने सारखेच पाणी घाला आणि कागदांवरील मातीचे ठिपके मोजा. पुढे एखाद्या कडक उन्हाच्या दुपारी दोन्ही कुंड्यांत २ सेंटिमीटर खोल मातीचे तापमान घ्या. हे आकडे प्रयोगवहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी खुरपे हाती घेण्यापूर्वी ते वर्गात वाचून दाखवा, आणि कोणते तण काढायचे व कोणते ठेवायचे ते सर्वांनी मिळून ठरवा.