ओव्हन बिघडला नाही, घड्याळ लावायचं राहिलंय

वीज जाऊन परत आली की फ्रिज मुकाट्याने सुरू होतो, वायफायचे दिवे आपापले लागतात, आणि ओट्याच्या कोपऱ्यातला ओव्हन मात्र चार शून्यं लुकलुकवत बसतो. काही घरांत ती शून्यं महिनोन्महिने तशीच चालू असतात, कुणाच्या लक्षातही येत नाहीत. काही घरांत मात्र लगेच दुरुस्तीवाल्याला फोन जातो. मग तो येतो, व्हिजिटचे पैसे घेतो, दोन बटणं दाबतो आणि जातो. माणूस प्रामाणिक नसेल तर ‘कार्ड गेलंय’ म्हणून आणखी एक मोठा आकडा सांगतो.

तो लुकलुकाट म्हणजे बिघाड नव्हे. मधे वीज गेली होती आणि आता किती वाजले हे मला ठाऊक नाही, एवढंच ओव्हन सांगत असतो. भिंतीवरच्या घड्याळात सेल असतो, संगणकाच्या आत नाण्याएवढी बॅटरी असते, मोबाइलला नेटवर्कवरून वेळ मिळते. बहुतेक ओव्हनमध्ये यातलं काहीच नसतं. फार तर एखादा कपॅसिटर काही सेकंद, क्वचित काही मिनिटं घड्याळाला जिवंत ठेवतो. म्हणून वीज नुसती लपकन जाऊन आली तर वेळ टिकते आणि दहा-पंधरा मिनिटं गेली तर पुसली जाते. ‘आतला सेल संपलाय, बदलून द्या’ असं दुकानात जाऊन सांगणारे पुष्कळ भेटतात. नसलेला सेल बदलणार कसा?

‘पण आमची लाइट गेलीच नव्हती’ हा त्यावरचा हमखास प्रतिवाद. घरात इन्व्हर्टर असेल तर तसं वाटणं स्वाभाविक आहे. इन्व्हर्टरच्या लाइनवर इलेक्ट्रिशियन दिवे, पंखे आणि टीव्ही घेतो. बाराशे-तेराशे वॅट खेचणाऱ्या मायक्रोवेव्हचा पॉवर पॉइंट त्याबाहेर ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे रात्री दोनला वीज जाऊन तीनला आली, तरी पंखा फिरतच राहिलेला असतो. सकाळी शून्यं दाखवणारा ओव्हन हाच काय तो साक्षीदार.

आता सगळ्यांत जास्त घोळ घालणारा समज: घड्याळ लावल्याशिवाय ओव्हन चालत नाही. हा समज एका प्रकारच्या ओव्हनबाबत साफ चुकीचा आहे आणि दुसऱ्या प्रकाराबाबत बऱ्याचदा खरा. दोन्ही उपकरणांना आपण सरसकट ओव्हनच म्हणतो, त्यामुळे कुणाचा तरी अनुभव कुणाच्या तरी गळ्यात पडतो.

बहुतेक मायक्रोवेव्हमध्ये घड्याळ ही निव्वळ शोभा आहे. दूध गरम करायचं तर ‘तीस सेकंद’चं बटण दाबा, काम होतं. किती वाजलेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला फक्त किती वेळ चालायचं हे हवं असतं, आणि ते तुम्ही दर वेळी नव्याने सांगताच. म्हणून ज्या घरांत वर्षभर शून्यं लुकलुकतात तिथेही पापड व्यवस्थित भाजले जातात.

भिंतीत बसवलेल्या ओव्हनची गोष्ट वेगळी. युरोपात हा प्रकार घरोघरी असतो आणि आपल्याकडच्या मॉड्युलर किचनमध्येही आता दिसू लागला आहे. यातल्या अनेक मॉडेलांत घड्याळ आणि प्रोग्रॅमर हे एकच यंत्र असतं. अमुक वाजता आपोआप सुरू हो, तमुक वाजता बंद हो, अशी आज्ञा ते सांभाळतं, आणि कॉइलकडे जाणारा वीजप्रवाह त्याच्या रिलेतूनच जातो. वीज जाऊन आली की आधीची आज्ञा पुसली जाते आणि वेळही माहीत नसते. अशा वेळी आपणहून तापत सुटण्यापेक्षा मालकाची वाट पाहावी, असं त्याला शिकवलेलं असतं. म्हणून तापमानाचा खटका फिरवला, काही मॉडेलांत आतला दिवाही लागला, तरी कॉइल थंडच. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये नव्याने भाड्याच्या घरात राहायला गेलेली मराठी मंडळी इथे हमखास अडकतात. ओव्हन ठणठणीत असतो, त्याला फक्त वेळ सांगायची राहिलेली असते. बऱ्याच मॉडेलांत मधली दोन बटणं एकदम दाबून अधिक-उणेने वेळ लावली की रिले जोडला जातो.

याच ओव्हनची आणखी एक खोड आहे. घड्याळाशेजारी इंग्रजी ‘ए’ हे अक्षर किंवा ‘ऑटो’ असा शब्द लुकलुकत असेल, तर वेळ बरोबर असूनही तो तापणार नाही. पॅनेल पुसताना किंवा मुलांच्या हातून स्वयंचलित पद्धत चालू झालेली असते. हाताच्या पंजाची खूण असलेलं बटण दाबलं की तो पुन्हा आपल्या हुकमात येतो. तसं बटण नसेल तर वर सांगितलेली दोन बटणं. एवढ्यासाठी कार्ड बदलायला तयार होऊ नका.

‘घड्याळ रोज थोडं मागे पडतं, म्हणजे आतलं सर्किट खराब’ हा समज मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याचं उत्तर स्वयंपाकघराच्या कितीतरी बाहेर सापडतं. काही ओव्हनमध्ये वेळ मोजायला क्वार्ट्झचा स्फटिक असतो. मनगटी घड्याळात असतो तसाच, सेकंदाला ३२,७६८ कंपनं करणारा. पण अनेक उत्पादकांनी तेवढाही खर्च वाचवला. भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनं करतेच आहे, तर तीच मोजायची: पन्नास झाली की एक सेकंद. ही कल्पना जुनी आहे. १९१६ साली अमेरिकेत हेन्री वॉरन यांनी बॉस्टनच्या वीज कंपनीच्या केंद्रात एक प्रमाण घड्याळ बसवलं, ते यासाठीच. केंद्रातून निघणारी वारंवारता बिनचूक राखली की गावातली सगळी विजेवरची घड्याळं बरोबर चालणार होती.

अडचण एवढीच की ग्रिडची वारंवारता म्हणजे काही पुंगीची पट्टी नव्हे. मागणी वाढली आणि निर्मिती तोकडी पडली की ती ५० च्या खाली उतरते. ०.१ हर्ट्झ कमी राहिली तर असं घड्याळ दिवसाला जवळपास तीन मिनिटं मागे पडतं. पूर्ण एक हर्ट्झ कमी राहिली तर तासाला ७२ सेकंद.

२०१८ मध्ये युरोपात हे प्रत्यक्ष घडलं. सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातल्या वादात कोसोव्होची वीज कमी पडत होती, ती भरून काढायला कुणी तयार नव्हतं. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत एकूण ११३ गिगावॅट-तास वीज ग्रिडमध्ये कमी आली. स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंत २५ देशांची वीज तेव्हा एकाच तालात चालत होती, तिची सरासरी वारंवारता ४९.९९६ हर्ट्झवर आली. फरक दिसायला केवढासा! पण दिवसामागून दिवस साठत जाऊन पॅरिसपासून वॉर्सापर्यंत ओव्हन आणि रेडिओची घड्याळं सहा मिनिटं मागे पडली. मनगटी घड्याळं, मोबाइल, संगणक यांना काहीच झालं नाही. ब्रिटनचं ग्रिड वेगळं असल्याने तिथल्या ओव्हनांनाही नाही.

पुढचा भाग अधिक मजेचा आहे. ग्रिड चालवणाऱ्यांनी मार्चमध्ये वारंवारता मुद्दाम किंचित वाढवून ठेवली आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ती सहा मिनिटं भरून काढली. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांची घड्याळं आपोआप जुळली. ज्यांनी मधेच उत्साहाने वेळ दुरुस्त केली होती, त्यांची आता सहा मिनिटं पुढे गेली!

आपल्याकडे नव्वदच्या दशकात संध्याकाळी सगळीकडचे दिवे लागले की वारंवारता ४९ च्याही खाली जायची आणि रात्री मागणी ओसरली की ५० च्या वर चढायची. त्या काळात आवर्तनं मोजणारं घड्याळ बाळगणं म्हणजे रोजची डोकेदुखी. पश्चिम विभागात २००२ पासून वारंवारता घसरलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्याला जबर दर लागू झाला, तेव्हा जरा शिस्त आली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं, आणि तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी वीज एकाच तालावर चालते. आता नियमानुसार वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राहायला हवी. मोटारींना आणि पंपांना एवढं पुरतं. ओव्हनचं घड्याळ त्यातही मिनिटा-दोन मिनिटांनी इकडेतिकडे होऊ शकतं, आणि त्यात ओव्हनचा दोष नसतो. घरचा जनरेटर किंवा स्वस्तातला इन्व्हर्टर जोडल्यावर घड्याळ अचानक पळायला लागलं, तर तिथेही संशय आधी त्या विजेवर घ्यावा.

मग घड्याळ मागे पडतं म्हणजे केकही कच्चा राहणार का? हिशेब करून बघा. युरोपातली ती सहा मिनिटं जवळजवळ पन्नास दिवसांत साठली होती. चाळीस मिनिटांच्या केकला त्यातला वाटा येतो सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा. केक बसला असेल तर बेकिंग पावडरची तारीख बघा, सर्बियाला दोष देऊ नका.

विजेच्या बिलाकडे वळू. ‘मायक्रोवेव्ह गरम करण्यापेक्षा घड्याळ दाखवण्यातच जास्त वीज खातो’ असं एक वाक्य बरीच वर्षं फिरत आहे. ते अगदीच थाप नाही. जुन्या मॉडेलांत नुसता डिस्प्ले आणि त्यामागचं सर्किट मिळून तीनेक वॅट जातात. दिवसाचे होतात ७२ वॅट-तास, वर्षाचे साधारण २६ युनिट. बाराशे वॅट खेचणारा मायक्रोवेव्ह ती दिवसाची वीज साडेतीन मिनिटांत वापरतो. तेव्हा ज्याच्या घरी दिवसातून एकदा वाटीभर आमटी गरम होते, त्याच्याबाबत हे वाक्य खरं. ज्याच्या घरी सकाळ-संध्याकाळ डबे, दूध, बटाटे असं सगळं तिथेच होतं, त्याच्याबाबत खोटं. शिवाय आकडे आता बदललेत. अमेरिकेत जून २०१६ नंतर तयार झालेल्या साध्या मायक्रोवेव्हला नुसतं बसून राहताना एका वॅटपेक्षा जास्त वीज घ्यायला बंदी आहे, आणि युरोपातही मर्यादा तशीच कडक आहे. म्हणजे वर्षाला नऊ युनिटच्या आत. तेवढ्यासाठी रोज वाकून पाठीमागचा बोर्ड बंद करायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या कमरेवर अवलंबून. अनेक मॉडेलांत नुसता डिस्प्ले बंद करायची सोय असते, ती आधी शोधा. आणि बोर्ड बंद करत असाल तर रोज शून्यं बघायची तयारी ठेवा.

परदेशात वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे सरकतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मोबाइल स्वतःहून बदलतो, तेव्हा ओव्हनही बदलेल असं लोक धरून चालतात. वायफायला जोडलेला नसेल तर तो बदलत नाही. पुण्याहून लेकीकडे गेलेले आईबाबा ओव्हनच्या घड्याळावर विसंबून भारतात फोन लावतात आणि मग सगळ्यांचीच धांदल उडते.

वेळ लावताना होणारी नेहमीची चूक बटणांची आहे. ‘टायमर’ दाबून ७:३० लावलं तर ते साडेसात वाजले असं होत नाही. साडेसात मिनिटांची उलटी मोजणी सुरू होते. दोन्हींत मधे तेच टिंब, म्हणून फसायला होतं. वेळेसाठी ‘क्लॉक’ दाबा, तास लावा, पुन्हा ‘क्लॉक’, मिनिटं लावा, आणि शेवटी आणखी एकदा ‘क्लॉक’. ते शेवटचं दाबणं राहिलं की थोड्या वेळाने सगळं रद्द होतं आणि लोक म्हणतात, वेळ टिकतच नाही. आकड्यांची पाटी असलेल्या मायक्रोवेव्हची एक गंमतही करून बघा: ९९ दाबलं तर तो ९९ सेकंद चालतो आणि १०० दाबलं तर एक मिनिट. त्याच्या लेखी शंभर नव्याण्णवपेक्षा लहान आहे.

ज्यांच्याकडे साधा ओटीजी आहे त्यांना यातलं बहुतेक काही लागू नाही. त्याच्या खटक्यात वेळ दाखवणारं घड्याळ नसून घंटी वाजवून बंद होणारा टायमर असतो, आणि वीज गेली तरी त्याला काही विसरायचं नसतं. फक्त पाच-सहा मिनिटं हवी असतील तर खटका थेट पाचावर थांबवू नका. आधी दहा-पंधराच्या पुढे नेऊन मग मागे आणा. नाहीतर आतली कमान नीट ताणली जात नाही आणि नानकटाई तयार झाली तरी घंटी वाजायची राहते.